प्लाझ्मा आणि उत्प्रेरक यांच्या जोडीने हवेतील प्रदूषके नष्ट करणे : मांडणी, मोजमाप आणि ताळेबंद

ज्या हवेत सॉल्व्हंटची वाफ दहा लाख भागांत जेमतेम शंभर भाग, म्हणजे १०० पीपीएम असते, ती हवा स्वच्छ करणे हे दाट वाफेची हवा स्वच्छ करण्यापेक्षा अवघड काम आहे. दाट वाफ स्वतःच इंधनासारखी जळते. विरळ वाफ जाळायची म्हटली तर तिच्यासोबतची दहा हजार पट हवाही तापवावी लागते. खोलीच्या तापमानाची एक लिटर हवा ८०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला सुमारे १००० ज्यूल उष्णता खर्च होते, आणि त्यातील जवळजवळ सगळी उष्णता नायट्रोजनवर जाते, ज्याला आपण हातही लावणार नसतो. प्लाझ्माचे, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूचे, आकर्षण इथूनच सुरू होते. विद्युत्‌विसर्जनात ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना मिळते, हवा थंडच राहते, आणि त्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या टकरींतून तयार झालेले ऑक्सिजनचे अणू व हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी तुकडे) प्रदूषकाला फोडतात.

तरीही आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उष्णता परत मिळवणाऱ्या आधुनिक जाळण-भट्ट्या ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता पुन्हा वापरतात, त्यामुळे त्यांचा खरा खर्च लिटरमागे पन्नास-साठ ज्यूलच्या घरात येतो. मोठ्या आणि अखंड चालणाऱ्या प्रवाहासाठी प्लाझ्माने या आकड्याशी स्पर्धा करायची असते, १००० ज्यूलशी नव्हे. प्लाझ्मा-उत्प्रेरक जोडी खरोखर उपयोगी पडते ती विरळ, खंडित आणि मध्यम आकाराच्या प्रवाहांसाठी, जिथे भट्टी तापण्याची वाट पाहणे परवडत नाही आणि बटण दाबताच काम सुरू व्हावे लागते. दुर्गंधीनिवारण हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. उलट, निव्वळ फॉर्मल्डिहाइडचा प्रश्न असेल तर टायटॅनियम डायऑक्साइडवर पसरलेले प्लॅटिनम खोलीच्या तापमानालाच, कोणत्याही प्लाझ्माविना, त्याचे ऑक्सिडीकरण करू शकते. अशा ठिकाणी प्लाझ्मा बसवणे म्हणजे खर्च आणि ओझोन दोन्ही ओढवून घेणे होय.

प्लाझ्मात नेमके काय तयार होते

आपल्याला हवा असलेला प्लाझ्मा ‘थंड’ असतो. त्यातील इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे तापमानाच्या भाषेत दहा हजारांहून अधिक अंश असते, पण वायूचे रेणू खोलीच्या तापमानाच्या आसपासच राहतात. ऑक्सिजनच्या रेणूचा बंध तोडायला ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि नायट्रोजनचा बंध तोडायला ९.८. म्हणूनच हवेत विसर्जन घडवले की ऑक्सिजन सहज फुटतो आणि नायट्रोजन कमी फुटतो, पण मुळीच फुटत नाही असे नाही. सुटा ऑक्सिजन अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटून ओझोन बनतो, पाण्याच्या वाफेपासून हायड्रॉक्सिल मूलक मिळते, आणि सुटा नायट्रोजन अणू नायट्रिक ऑक्साइडची वाट धरतो.

हे विसर्जन वातावरणीय दाबाला स्थिर ठेवण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये काच किंवा अ‍ॅल्युमिनाचा विद्युत्‌रोधक थर ठेवणे. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन बनवण्यासाठी हीच रचना वापरली होती. थर असल्यामुळे ठिणगीचे रूपांतर अखंड ज्वालेत होत नाही. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे आणि काही नॅनोसेकंद टिकणारे असंख्य बारीक तंतू इलेक्ट्रोडांमधल्या फटीत उमटतात आणि विझतात. अंधाऱ्या खोलीत काचेच्या नळीकडे पाहिले की जांभळट धुके पसरल्यासारखे दिसते, ते धुके म्हणजे या तंतूंची दाटी.

उत्प्रेरक फटीत ठेवावा की पुढे

मांडणीचा पहिला निर्णय हाच, आणि तो आवडीनिवडीचा नसून वेळेचा प्रश्न आहे. दमट हवेत ऑक्सिजन अणू किंवा हायड्रॉक्सिल मूलक जेमतेम दहा ते शंभर मायक्रोसेकंदच जगते. वायू नळीतून सेकंदाला १.३ मीटर वेगाने वाहत असेल, तर ५० मायक्रोसेकंदांत तो ०.०६५ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा. विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, कापलेले अंतरही तेवढ्याच मापाचे असते. त्यामुळे उत्प्रेरक फटीच्या पुढे दहा सेंटिमीटरवर ठेवला, तर तिथपर्यंत एकही ऑक्सिजन अणू जिवंत पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त ओझोन, जो खोलीच्या तापमानाला मिनिटेच काय, तासभरही टिकू शकतो.

यावरून दोन वेगळ्या पद्धती सिद्ध होतात. उत्प्रेरक विसर्जनाच्या फटीतच भरला तर अल्पायुषी मूलके त्याच्या पृष्ठभागाशेजारीच जन्मतात आणि दाण्यांच्या स्पर्शबिंदूंजवळ विद्युत्‌क्षेत्र तीव्र होते. मात्र विसर्जनाचे स्वरूपच बदलते, दाबघट वाढते आणि उत्प्रेरकाची निगा अवघड होते. शिवाय नॅनोमीटर आकाराच्या छिद्रांत प्लाझ्मा शिरत नाही, म्हणून उत्प्रेरकाच्या माहितीपत्रकात लिहिलेले ग्रॅममागे शेकडो चौरस मीटर क्षेत्रफळ प्लाझ्माच्या दृष्टीने बहुतांशी बंद दारामागे असते. उत्प्रेरक पुढे ठेवला तर त्याचे काम वेगळे होते. तो ओझोनला फोडतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजन अणू पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि त्याच्या साहाय्याने उरलेले प्रदूषक व अर्धवट तुटलेले तुकडे जाळतो. घातक ओझोन असा कामाला लागतो आणि बाहेरही पडत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरीच पद्धत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात प्लाझ्मा आणि उत्प्रेरक स्वतंत्रपणे तपासता येतात, उत्प्रेरकाचे तापमान वेगळे ठेवता येते आणि बिघाड कुठे झाला ते कळते. पुढचे सगळे विवेचन मुख्यतः याच मांडणीचे आहे.

आधी ऊर्जेचा हिशेब

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे विशिष्ट ऊर्जा : विसर्जनात खर्च झालेली शक्ती भागिले वायूचा प्रवाह, ज्यूल प्रति लिटर या एककात. काहीही विकत घेण्यापूर्वी हा भागाकार कागदावर करावा. मिनिटाला १० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.१६७ लिटर प्रवाहासाठी १०० ज्यूल प्रति लिटर हवे असतील तर विसर्जनात १६.७ वॅट लागतील. हीच विशिष्ट ऊर्जा तासाला १००० घनमीटर प्रवाहाला लावली की २७.८ किलोवॅट होतात. प्रयोगशाळेत किरकोळ वाटणारा आकडा कारखान्यात केवढा होतो ते इथेच दिसते.

याच आकड्यातून तापमानही कळते. एक लिटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. म्हणून १०० ज्यूल प्रति लिटर इतकी ऊर्जा घातली आणि भिंतीतून काहीच उष्णता निसटली नाही, तर वायू जास्तीत जास्त ८३ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी असते, पण ओझोनचे आयुष्य घटवायला ती पुरेशी ठरते.

दुसरा हिशेब ऑक्सिजनचा. टोल्युइन या नेहमीच्या सॉल्व्हंटच्या एका रेणूचे पूर्ण रूपांतर सात कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी यांत व्हायला ऑक्सिजनचे १८ अणू लागतात. ते सगळे ओझोनकडूनच घ्यायचे ठरवले आणि प्रत्येक ओझोनने एकच अणू दिला, तर १०० पीपीएम टोल्युइनसाठी १८०० पीपीएम ओझोन लागेल. सुदैवाने चांगला उत्प्रेरक हवेतल्या साध्या ऑक्सिजनलाही कामाला लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष गरज कमी असते. पण जास्त सांद्रतेच्या प्रवाहाला ही पद्धत का झेपत नाही, हे या एका गुणाकारातून समजते. त्याउलट फॉर्मल्डिहाइडच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोनच अणू जास्तीचे लागतात.

रिअ‍ॅक्टरची बांधणी

मिनिटाला १० लिटर प्रवाहासाठी एक साधी आणि टिकाऊ रचना अशी करता येते. बोरोसिलिकेट काचेची नळी घ्यावी. तिचा आतला व्यास २२ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २ मिलिमीटर असावी. तिच्या अक्षावर १८ मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत पोलादी दांडी बसवली की सर्व बाजूंनी २ मिलिमीटरची फट मिळते. नळीच्या बाहेरून २० सेंटिमीटर लांबीवर धातूची जाळी किंवा पत्रा घट्ट गुंडाळावा. इतक्या लांबीत फटीचे आकारमान २५ घनसेंटिमीटर होते आणि वायूचा मुक्काम ०.१५ सेकंदांचा.

दांडी मध्यावर असणे ही इथली खरी कसोटी आहे. ती अर्धा मिलिमीटर जरी कलली तरी एका बाजूची फट दीड आणि दुसरी अडीच मिलिमीटर होते. विसर्जन अरुंद बाजूला गोळा होते आणि रुंद बाजूने निम्म्याहून अधिक वायू प्लाझ्माला न भेटताच निघून जातो. दोन्ही टोकांना टेफ्लॉनची कातून काढलेली केंद्रके बसवावीत आणि अंधारात पाहून प्रकाश सगळीकडे सारखा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. जाळी काचेपासून सुटलेली असेल तर बाहेरच्या बाजूलाही विसर्जन होते. त्यात खर्च झालेली वीज मोजमापात जमा धरली जाते, काम मात्र काहीच होत नाही, आणि खोलीत ओझोन तयार होतो तो वेगळाच. म्हणून जाळीऐवजी चांदीचा वाहक रंग लावणे अधिक चांगले.

किती विद्युत्‌दाब लागेल? हवेत मिलिमीटरमागे सुमारे ३ किलोव्होल्टला विसर्जन सुरू होते, म्हणून २ मिलिमीटर फटीवर किमान ६ किलोव्होल्ट पडले पाहिजेत. काचेचा परावैद्युत गुणांक साधारण ४.६ असल्यामुळे २ मिलिमीटर काच ही विद्युत्‌दाबाच्या वाटणीत ०.४ मिलिमीटर हवेसारखी वागते. म्हणून एकूण दाब ७ किलोव्होल्टच्या थोडा वर गेला की विसर्जन पेटते. १००० हर्ट्‌झ वारंवारितेला शिखरदाब १० किलोव्होल्टच्या आसपास नेला की वर काढलेले १६-१७ वॅट मिळतात.

नळ्या आणि जोड टेफ्लॉनचे, काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावेत. नैसर्गिक रबर ओझोनपुढे थोड्याच दिवसांत तडकते, आणि गळती नेमकी तिथून सुरू होते.

वीज सुरू करण्यापूर्वी

दहा किलोव्होल्ट आणि ज्वलनशील वाफ एकाच नळीत आणताना काही गोष्टींना पर्याय नाही. सगळी मांडणी धूर ओढणाऱ्या बंद कपाटात असावी. कपाटाचे दार उघडताच वीज तुटेल असा स्विच बसवलेला असावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, म्हणून अर्थिंगची काठी लावल्याशिवाय इलेक्ट्रोडला हात लावू नये. टोल्युइनची खालची स्फोटमर्यादा सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम आहे. तिच्या चौथ्या भागाच्या वर, म्हणजे २७५० पीपीएमच्या पुढे, सांद्रता कधीही जाता कामा नये, कारण विसर्जन हे स्वतःच पेटवण्याचे साधन आहे. हवेचा प्रवाह थांबला तर सॉल्व्हंटचा पुरवठा आणि वीज दोन्ही आपोआप बंद व्हायला हवेत.

ओझोनच्या बाबतीत नाकावर विसंबू नये. त्याचा वास अगदी कमी सांद्रतेलाही येतो खरा, पण नाक लवकरच सरावते. जागतिक आरोग्य संघटनेचे आठ तासांचे मार्गदर्शक मूल्य घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ०.०५ पीपीएम आहे, तर फटीतून बाहेर पडणाऱ्या वायूत ओझोन शेकड्यांनी पीपीएम असू शकतो. शेवटी संरक्षक थर म्हणून सक्रिय कोळसा लावण्याची सवय अनेकांना असते. दाट ओझोन आणि कोळसा यांची गाठ पडली की कोळसा तापतो आणि पेटूही शकतो. तिथे मँगेनीज ऑक्साइडवर आधारित ओझोननाशक थरच वापरावा.

क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटने सुरुवात करू नये. ट्रायक्लोरोएथिलीन प्लाझ्मात अर्धवट तुटले की फॉस्जीन आणि डायक्लोरोअ‍ॅसिटिल क्लोराइड तयार होतात, आणि ती मूळ पदार्थापेक्षा कितीतरी घातक असतात. अल्कधर्मी द्रावणाची धुलाई आणि योग्य मापन हाताशी असल्याशिवाय तो प्रयोग नकोच.

शक्ती कशी मोजावी

वीजपुरवठ्याच्या डब्यावर दिसणारा वॅटचा आकडा हा विसर्जनाचा आकडा नसतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि तारांमध्ये बरीच शक्ती जाते. म्हणून रिअ‍ॅक्टरच्या अर्थिंगच्या बाजूला एकसरीत १०० नॅनोफॅरडचा चांगला कपॅसिटर जोडावा. तो रिअ‍ॅक्टरच्या काहीशे पिकोफॅरडपेक्षा कित्येक पट मोठा असल्याने विसर्जनात व्यत्यय आणत नाही, आणि त्याच्यावरचा दाब थेट भार सांगतो. ऑसिलोस्कोपच्या आडव्या अक्षावर १००० पट घटवणाऱ्या प्रोबमधून रिअ‍ॅक्टरचा दाब आणि उभ्या अक्षावर या कपॅसिटरचा भार घेतला की पडद्यावर कललेला समांतरभुज चौकोन उमटतो. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनातील ऊर्जा, आणि क्षेत्रफळ गुणिले वारंवारिता म्हणजे शक्ती. आवर्तनामागे १६.७ मिलिज्यूल आणि १००० हर्ट्‌झ असतील तर १६.७ वॅट. ही पद्धत टी. सी. मॅन्ली यांनी १९४३ मध्ये मांडली आणि आजही तीच प्रमाण आहे.

या आकृतीकडे रोज पाहण्याची सवय लावावी. चौकोनाचे कोपरे गोलसर होऊ लागले, तर फट असमान आहे किंवा विसर्जन सगळ्या लांबीवर पसरलेले नाही अशी शंका घ्यावी. दोन तीव्र बाजूंचा उतार रोधक थराची धारिता दाखवतो. काच तडकली किंवा आत ओलसर थर बसला की आधी बिघडतो तो हाच उतार.

उत्प्रेरकाची निवड आणि भरणी

फटीच्या पुढच्या जागेसाठी मँगेनीजची ऑक्साइडे ही पहिली निवड आहे, कारण ओझोन फोडण्यात ती अग्रगण्य आहेत आणि महागही नाहीत. अ‍ॅल्युमिनावर पसरलेले मँगेनीज ऑक्साइड, त्यात तांबे किंवा सेरियमची जोड, हा चांगला आरंभ ठरतो. तांब्याची जोड कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करण्यास मदत करते. पॅलेडियम आणि प्लॅटिनम त्याही कामात सरस आहेत, पण ओझोन वापरण्याच्या बाबतीत केवळ किमतीवरून ती श्रेष्ठ समजू नयेत.

मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाला ६०० लिटर वायूसाठी ३० मिलिलिटर उत्प्रेरक घेतला तर तासाला आकारमानाच्या २०,००० पट वायू त्यातून जातो. सुरुवातीला हे प्रमाण योग्य आहे. दाणे २ मिलिमीटरचे आणि नळी ३० मिलिमीटर व्यासाची घेतली तर थराची उंची सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास येते. नळीचा व्यास दाण्याच्या दहापट तरी असावा, नाहीतर वायू भिंतीच्या कडेने पळ काढतो. थराला स्वतंत्र तापक आणि तापमापक जोडावा. त्याला ६० ते १०० अंशांपर्यंत ठेवले की पाण्याची वाफ पृष्ठभागावर साचत नाही आणि ओझोनाचे विघटनही वेग घेते. या सौम्य तापमानाचा फायदा पाहता त्यासाठीची थोडी ऊर्जा खर्च करणे मला नेहमीच योग्य वाटते.

चाचणीचा क्रम

क्रम चुकला की निष्कर्षही चुकतात. आधी रिअ‍ॅक्टर टाळून थेट प्रवाहाची सांद्रता मोजावी आणि ती स्थिर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग वीज बंद ठेवून वायू उत्प्रेरकातून सोडावा. पहिले काही तास बाहेर टोल्युइन दिसणारच नाही, कारण ते दाण्यांवर शोषले जात असते. ही सफाई नव्हे, साठवण आहे. आतली आणि बाहेरची सांद्रता एक होईपर्यंत थांबावे लागते, आणि घाईने लिहिलेल्या अनेक अहवालांत हीच पायरी गाळलेली दिसते. प्लाझ्मा सुरू होताच शोषलेले टोल्युइन उष्णतेने सुटते आणि थोडा वेळ बाहेरची सांद्रता आतल्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून त्यानंतरही स्थिर स्थिती येऊ द्यावी.

यापुढे तीन मालिका घ्याव्यात : उत्प्रेरकाशिवाय फक्त प्लाझ्मा, प्लाझ्माशिवाय फक्त उत्प्रेरक, आणि दोन्ही मिळून. प्रत्येक मालिका २०, ५०, १०० आणि १५० ज्यूल प्रति लिटरला चालवावी. आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने मोजावी. दोन्ही मिळून आलेला परिणाम सुट्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तरच जोडीचा खरा लाभ आहे असे म्हणता येते. उत्प्रेरक फटीत भरला असेल तर आणखी एक मालिका अनिवार्य आहे, ती म्हणजे त्याच आकाराच्या, धातू नसलेल्या अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांची. दाणे भरल्याने मुक्कामाचा वेळ आणि विद्युत्‌क्षेत्र बदलते, आणि तो बदल उत्प्रेरकाच्या नावावर जमा करणे चुकीचे ठरेल.

ओझोन मोजताना एक खाचखळगा आहे. बहुतेक मापक २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजतात, आणि बेन्झीन-वलय असलेली संयुगे, विशेषतः टोल्युइनपासून बनणारे बेन्झाल्डिहाइड, हाच प्रकाश शोषतात. त्यामुळे वीज बंद असतानाही मापक ओझोन दाखवू शकतो. वीज बंद करून शून्य तपासावे, आणि शंका असेल तर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून वायू सोडून अनुमापनाने खात्री करावी.

ओझोनचा आलेख विशिष्ट ऊर्जेबरोबर सतत चढत नाही. एका टप्प्यापर्यंत तो वाढतो, मग तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइडे वाढल्यामुळे घसरू लागतो, आणि फार पुढे गेल्यास ओझोन जवळपास नाहीसा होऊन नुसती नायट्रोजन ऑक्साइडे उरतात. उत्प्रेरक पुढे ठेवलेल्या मांडणीत या शिखराच्या अलीकडेच काम करायचे असते. शिखर ओलांडून वीज वाढवणे म्हणजे उत्प्रेरकाची रसद तोडणे.

कार्बनचा ताळेबंद

नाहीसे झालेले टोल्युइन म्हणजे नष्ट झालेले टोल्युइन नव्हे. संपूर्ण लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, म्हणून तिचे उदाहरण सविस्तर देतो. आत १०० पीपीएम टोल्युइन जाते असे धरा. प्रत्येक रेणूत कार्बनचे सात अणू, म्हणजे ७०० पीपीएम कार्बन. बाहेर २० पीपीएम टोल्युइन, ३०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड आणि १०० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड मिळाले. सफाई ८० टक्के झाली असे कोणीही आनंदाने लिहील. पण बाहेर मोजलेला कार्बन १४० अधिक ३०० अधिक १००, म्हणजे ५४०. उरलेला १६० कुठे गेला? नष्ट झालेल्या ८० पीपीएममधील ५६० कार्बनपैकी कार्बन डायऑक्साइड झाला तो फक्त ५४ टक्के.

हरवलेला कार्बन बहुधा तीन ठिकाणी सापडतो. फॉर्मिक आम्ल, बेन्झाल्डिहाइड, बेन्झिल अल्कोहोल अशी संयुगे वायूत असतात, ती अवरक्त वर्णपटमापकाने किंवा क्रोमॅटोग्राफने शोधावीत. काचेच्या भिंतीवर पिवळसर-तपकिरी चिकट थर बसतो. नळी उजेडात धरली की तो मधासारखा दिसतो, आणि बोटाला लागला तर सहज निघत नाही. तिसरे ठिकाण म्हणजे उत्प्रेरकाचा पृष्ठभाग. सॉल्व्हंट आणि प्लाझ्मा बंद करून तो थर हवेच्या प्रवाहात हळूहळू ३५० ते ४०० अंशांपर्यंत तापवावा आणि बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा. तो आकडा हिशेबात मिळवला की ताळेबंद बहुतेकदा ९० टक्क्यांच्या वर जातो. बाहेरच्या हवेतच ४२० पीपीएमहून अधिक कार्बन डायऑक्साइड असतो, तेव्हा प्रयोगासाठी तो काढून टाकलेली हवा वापरावी किंवा प्रत्येक वेळी वजा करावा.

ऊर्जेचा उतारा याच आकड्यांतून निघतो. २५ अंशांना १०० पीपीएम टोल्युइन म्हणजे घनमीटरमागे ३७७ मिलिग्रॅम. त्यातील ८० टक्के १०० ज्यूल प्रति लिटरने नाहीसे झाले, तर घनमीटरमागे २७.८ वॅट-तास खर्चून ०.३ ग्रॅम काढले, म्हणजे किलोवॅट-तासाला जवळपास ११ ग्रॅम. मात्र कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने हाच आकडा सहाच्या खाली येतो. अहवालात दोन्ही द्यावेत.

पाणी, थकवा आणि नायट्रोजन ऑक्साइडे

कोरड्या हवेत मिळालेले सुंदर निष्कर्ष दमट हवेत टिकत नाहीत. थोड्या वाफेने हायड्रॉक्सिल मूलके मिळतात आणि टोल्युइनच्या बऱ्याच प्रयोगांत सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असताना सफाई उत्तम होते. त्यापुढे पाणी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा खाते, ओझोन घटवते आणि मँगेनीजवरच्या सक्रिय जागा अडवते. म्हणून शेवटची चाचणी प्रत्यक्ष प्रवाहाच्या आर्द्रतेलाच घ्यावी आणि ती काही तासांची नव्हे, काही दिवसांची असावी.

नायट्रोजन ऑक्साइडे पाण्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतात आणि मँगेनीजवर नायट्रेट बसवतात. गंधकयुक्त दुर्गंधीत सल्फेट हेच काम करते. कार्बनी थराने थकलेला उत्प्रेरक हवेत तापवून बहुधा पूर्ववत होतो. नायट्रेटही पुरेशा उष्णतेने निघते. सल्फेट मात्र चिवट असते, म्हणून गंधक आधीच धुऊन काढणे शहाणपणाचे.

इंजिनाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड हे वेगळेच प्रकरण आहे. ऑक्सिजन असताना प्लाझ्मा त्याचे नायट्रोजनमध्ये क्षपण करत नाही, तर नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो. एकट्या प्लाझ्माने ‘नायट्रिक ऑक्साइड घटले’ असा दावा वाचला की डायऑक्साइडचा आकडा शोधावा. पण दोन्ही ऑक्साइडे निम्मी-निम्मी झाली की पुढच्या अमोनिया-उत्प्रेरकावर (जिथे अमोनियाच्या साहाय्याने त्यांचा नायट्रोजन केला जातो) ती कमी तापमानालाही जलद नष्ट होतात, आणि तिथे प्लाझ्माचा पूर्वतयारी म्हणून खरा उपयोग आहे.

मोठ्या प्रवाहाकडे

आकार वाढवताना फट वाढवू नये. फट दुप्पट केली की विद्युत्‌दाबही जवळपास दुप्पट लागतो आणि विसर्जन विस्कळीत होते. त्याऐवजी तपासलेली तीच नळी समांतर जोडत जावी, आणि प्रत्येक नळीच्या वीजमार्गात स्वतंत्र फ्यूज ठेवावा, जेणेकरून एका नळीची काच फुटली तरी बाकीच्या चालू राहतील. वायू सगळ्या नळ्यांत सारखा वाटला जातो की नाही हे प्रत्येक नळीच्या तोंडाशी ओझोन मोजून पाहावे. ज्या नळीत ओझोन इतरांपेक्षा जास्त, तिथे सहसा वायू कमी जात असतो.